उपग्रहाला झाड दिसते, कसणारा दिसत नाही



१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. वनहक्काचे ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्यांना जंगलजमिनीवरून काढा, असे त्यात राज्यांना बजावले होते. देशभर आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या, केंद्र सरकारला धावत न्यायालयात जावे लागले आणि २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. एवढे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पण त्याच आदेशात आणखी एक निर्देश होता. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने उपग्रहाद्वारे पाहणी करून अतिक्रमणांची स्थिती न्यायालयापुढे ठेवावी, आणि लोकांना काढल्यानंतरची स्थितीही शक्य तितकी दाखवावी, असा तो निर्देश होता. आपल्या सभा-संमेलनांतून या दुसऱ्या निर्देशावर कुणी बोलताना दिसत नाही. मला वाटते, पुढची वीस वर्षे जमिनीचा लढा ज्या मैदानावर लढला जाणार आहे ते मैदान त्या एका निर्देशात दिसते.

कालपर्यंत भूमिहीनाचे भवितव्य तलाठ्याच्या दप्तरात होते. आता ते संगणकाच्या पडद्यावर येऊन बसले आहे. तलाठी जातीने ओळखू येत होता, त्याच्याशी भांडता येत होते, त्याच्या कार्यालयासमोर धरणे धरता येत होते. उपग्रहासमोर धरणे कसे धरणार? "फोटोत दिसतंय ना, अजून काय पुरावा पाहिजे?" या एका वाक्यापुढे आपले शिकलेले कार्यकर्तेही गप्प बसतात. म्हणून माझे म्हणणे असे, की उपग्रहाचे चित्र हा साक्षीदार आहे. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये, आणि त्याला घाबरून पळूही नये. त्याची उलटतपासणी घ्यावी. ती घ्यायची तर त्याला काय दिसते, काय दिसत नाही आणि त्याला पढवले कुणी, हे आधी आपल्याला माहीत पाहिजे.

हा डोळा कुणाचा?

जंगल वरून मोजण्याची पद्धत काही आदिवासी-दलितांच्या कल्याणासाठी निघालेली नाही. १९२४ साली ब्रह्मदेशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातच, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या जंगलांची विमानातून छायाचित्रे घेतली गेली. उद्देश सरळ होता, इमारती लाकूड कुठे आणि किती आहे ते कळावे. तीनच वर्षांनी, १९२७ साली, भारतीय वन कायदा आला. तो आजही लागू आहे. लाकूड सरकारचे आणि त्या जंगलात राहणारा माणूस गुन्हेगार, ही विभागणी या कायद्याने पक्की केली.

पुढे १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षणाची स्थापना झाली आणि १९८७ पासून दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल येऊ लागला. १९८८ साली आपला स्वतःचा आयआरएस-१ए आकाशात गेला. तंत्र सुधारत गेले, चित्र स्पष्ट होत गेले. पण वरून बघणाऱ्याचा प्रश्न तोच राहिला: झाड किती? त्या झाडाखाली कोण राहते, कोण कसते, कुणाच्या तीन पिढ्या तिथे गेल्या, हे त्याने कधी विचारलेच नाही.

जंगल कशाला म्हणायचे?

वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कुणाच्या मालकीची, तिचा वापर कशासाठी, कायद्याने तिचा दर्जा काय, या गोष्टींशी व्याख्येला देणेघेणे नाही. त्यामुळे फळबाग, बांबू, ताड-माडाच्या बागा हे सगळे त्यात धरले जाते. लावलेली सागाची रांग आणि शेकडो वर्षांचे नैसर्गिक जंगल, दोन्ही एकाच खात्यात जमा. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के, सांगितले आहे. या आकड्यात जंगल किती आणि बागा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. इतकेच नव्हे, तर ऊस, कापूस यांसारखी पिके आणि घाणेरीसारखी झुडपे उपग्रहाच्या चित्रात झाडांसारखीच भासतात आणि त्यामुळे घोळ होतो, ही मर्यादा वन सर्वेक्षण आपल्या अहवालांत स्वतःच नोंदवत आले आहे.

आता विदर्भात या. नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या बागा आहेत. दाट, मोठी बाग असेल तर या व्याख्येने ती वनाच्छादनात बसू शकते. तरी त्या बागायतदाराला कुणी अतिक्रमक म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण त्याच्याकडे सातबारा आहे. आणि पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे, तिचे नाव 'झुडपी जंगल'. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांतून आलेली ही नोंद. गुरे चारायची, सरपण गोळा करायचे, गावाने वापरायची अशी ही जमीन. तिच्या बऱ्याच भागावर नाव घ्यावे असे झाडही नाही. तिथे शाळा झाल्या, स्मशाने झाली, सरकारी कचेऱ्या झाल्या, घरे झाली, आणि ज्यांना गावात जागा नव्हती त्यांच्या वस्त्याही झाल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झुडपी जंगल हे कायद्याने वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी, अशी सोय त्यात आहे. अतिक्रमणे काढण्यासाठी जिल्हावार विशेष पथके नेमण्याचा आदेशही त्यात आहे.

गंमत पहा. झाडे असलेली बाग आकड्यात वन धरली जाते, पण मालकाला धक्का लागत नाही. झाडे नसलेली झुडपी जमीन कागदात वन ठरते आणि तिथे कागदाविना राहणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार येते. सरकारला आकडा वाढवायचा असतो तेव्हा उपग्रह बोलतो, माणूस काढायचा असतो तेव्हा महसुली नोंद बोलते. दोन्ही वेळा ज्याच्याजवळ कागद आहे तो सुरक्षित. आणि या देशात कागद कुणाजवळ आहे आणि कुणाजवळ नाही, हा प्रश्न जातीचा आहे. हजारो वर्षे ज्यांना जमीन धारण करू दिली नाही, त्यांच्याकडे १९३० सालचा उतारा मागायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

ठिपक्यात न मावणारी माणसे

उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे बनते. एका ठिपक्यात जमिनीचा एक चौकोन मावतो आणि त्या चौकोनाला एकच रंग मिळतो. १९७२ च्या लँडसॅटचा ठिपका साधारण ८० मीटरचा होता. हिशेब करा: ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० चौरस मीटर, म्हणजे एक एकर तेवीस गुंठे. भूमिहीनाने काढलेला एक एकराचा तुकडा या एका ठिपक्यात अख्खा बुडून जातो. शेजारी झाडे असतील तर ठिपका जंगलाचा, उघडी माळरान असेल तर पडीकाचा. शेत कुठेच नाही. वन सर्वेक्षण ज्या चित्रांवर वर्षानुवर्षे काम करत आले त्यांचा ठिपका २३.५ मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. त्यातही एक हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर, याहून लहान तुकडा नकाशावर वेगळा दाखवला जात नाही. आपल्या लोकांच्या ताब्यात किती ठिकाणी सलग अडीच एकर आहे? नकाशाची पद्धतच अशी, की गरिबाची शेती त्यात येत नाही. मग तोच नकाशा समोर धरून म्हणायचे, 'इथे शेती नव्हतीच.'

दुसरी गोष्ट तारखेची. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला जमीन दिसत नाही. म्हणून वन सर्वेक्षण मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रे घेते. त्या दिवसांत आकाश स्वच्छ असते आणि झाडांना पाने असतात. जंगल मोजायला हे ठीकच आहे. पण शेती शोधायला?

बीडचे उदाहरण घ्या. गायरानावर दोन एकर कसणारे कुटुंब मृगाच्या पावसावर बाजरी, मूग, सोयाबीन पेरते. दसऱ्याच्या सुमारास पीक निघते. मग मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली न झाली की कोयता घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शेत उभे असते तेव्हा वर ढग असतात आणि ढग हटतात तेव्हा शेत रिकामे असते. नोव्हेंबरच्या चित्रात ते शेत आणि शेजारचे कुरण सारखेच दिसणार. पण कालव्याच्या पाण्यावरचा बागायतदाराचा ऊस, ज्याच्या तोडीला हे कुटुंब गेले आहे, तो त्याच चित्रात हिरवागार. मग जमीन 'वापरात नाही' ती कुणाची ठरेल, हे सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. शेत मोठे की लहान, हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणात ते पाहावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. आजच्या प्रश्नाला ती अगदी लागू पडते. जमीन म्हणजे केवळ पृष्ठभाग नव्हे. तिच्यावर कुणाचे श्रम आहेत, हे पाहिल्याशिवाय ती कळत नाही. आणि श्रम उपग्रहाला दिसत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

सुदैवाने कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त तो आपल्याला पाठ नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत. अनुसूचित जमातींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. दलित, भटके-विमुक्त, इतर मागास हे 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि त्यांना त्या तारखेपूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. तोच तुकडा ७५ वर्षे कसलेला असावा असे नाही, वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवायचे आहे. हा फरक अनेक कार्यालयांत सांगितला जात नाही. आणि १९३० साली उपग्रह नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

नियमांत पुराव्यांची लांब यादी आहे: सरकारी कागद, घर, विहीर, बांध, दफनभूमी यांसारख्या जमिनीवरच्या खुणा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. २०१२ साली नियम दुरुस्त झाले तेव्हा स्पष्ट लिहिले गेले, की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. गुजरातमध्ये उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही म्हणून हजारो दावे फेटाळले गेले होते. 'आर्च' ही संस्था त्याविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात गेली आणि २०१३ साली न्यायालयाने असे दावे पुन्हा तपासायला लावले. तुमच्या तालुक्यात एखादा दावा 'उपग्रह प्रतिमेत वहिती आढळत नाही' एवढ्या शेऱ्यावर फेटाळला असेल, तर तो शेरा नियमाला धरून नाही. अपिलात हे एकच वाक्य लिहून द्या, 'नियमाप्रमाणे हा पूरक पुरावा आहे, बाकीचे पुरावे का नाकारले ते लेखी कळवा.'

मग यंत्र फेकून द्यायचे का?

नाही. आणि इथे मला आपल्याच काही मित्रांशी भांडायचे आहे. 'हे सगळे भांडवलदारांचे तंत्रज्ञान, आपण याच्या नादी लागू नये' असे म्हणणारे आपल्यात आहेत. हा विचार बाबासाहेबांचा नव्हे. यंत्राला दोष देणाऱ्या गांधीवादी मांडणीचा त्यांनी १९४५ साली खरपूस समाचार घेतला होता. यंत्रातून दुःख निर्माण होत असेल तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांचे म्हणणे. उपग्रहाला हे तंतोतंत लागू आहे.

वर सांगितलेल्या गुजरातच्या लढ्यातच पहा. तिथल्या कार्यकर्त्यांनी उपग्रहचित्रे नाकारली नाहीत. गावातल्या पोरांना जीपीएस यंत्र हातात दिले, प्रत्येक तुकड्याच्या बांधावरून चालायला लावले आणि ती मोजणी चित्रावर बसवली. बांध, विहीर, झाड सगळे जागेवर. सरकारचे चित्र आणि गावाची पावले एकत्र आल्यावर नाही म्हणणे अवघड झाले. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो काही उपग्रहाने दिला नाही. ग्रामसभेला आपल्या जंगलाची हद्द, त्यातले प्रत्येक नाले-टेकाड ठाऊक होते, म्हणून तो मिळाला. नकाशा नंतर येतो, जमीन ठाऊक असणे आधी.

आणि हा डोळा उलटाही फिरवता येतो. सुरजागडचा लोहखाणीचा डोंगर गेल्या काही वर्षांत कसा बदलला, ते गुगल अर्थवर जुनी-नवी चित्रे लावून कुणीही पाहू शकतो. एक एकर कसणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणाऱ्यांना ती दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवा. 'जंगल वाचवायला नको का?' हा प्रश्न प्रामाणिक असेल तर तो सर्वांना सारखा विचारला पाहिजे.

काय करायचे?

पहिले काम कागदाचे. गायरानाच्या लढ्याला मोठा इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला तुरुंग भरले. त्याच परंपरेच्या रेट्यातून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. त्या काळातल्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, वनगुन्ह्याच्या नोंदी, गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, सत्याग्रहातल्या अटकेचे कागद, जे सापडेल ते गोळा करा. ज्या कागदाने सरकारने आपल्या आजोबाला गुन्हेगार म्हटले, तोच कागद आजोबा त्या जमिनीवर होता याचा सरकारी पुरावा आहे.

दुसरे काम चित्रांचे. १९८४ नंतरच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. एका एकरात साधारण साडेचार ठिपके. १९९० च्या आसपासची ही चित्रे पाहण्यासारखी आहेत आणि लँडसॅटचा साठा २००८ पासून फुकट खुला आहे. त्याआधीची, १९६० ते १९७२ दरम्यान अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी घेतलेली कोरोना मालिकेची छायाचित्रे १९९५ साली गुप्ततेतून मुक्त झाली. त्यातली काही तर लँडसॅटपेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ ची २०१५ नंतरची दहा मीटरची चित्रे फुकट मिळतात. इस्रोचे 'भुवन' आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन वर्ग चालवते. अभियांत्रिकी, भूगोल, संगणकशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली प्रत्येक जिल्ह्यात आहेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी एक लॅपटॉप आणि दोन पोरांचे प्रशिक्षण, एवढे प्रत्येक तालुक्याने केले तरी पुरे. चित्र मागताना एकच तारीख मागू नका. सप्टेंबरचे स्वच्छ चित्र मिळते का पहा, सलग काही वर्षांची घ्या आणि दावा फेटाळताना कोणत्या तारखेचे, किती मीटरचे चित्र वापरले, ते माहितीच्या अधिकारात विचारा.

तिसरे काम सर्वांत तातडीचे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते आहे आणि घरांना मालमत्ता पत्रक मिळते आहे. ड्रोन उडण्याआधी जमिनीवर चुन्याची रेघ मारून हद्दी दाखवतात. ड्रोन तीच रेघ टिपतो. म्हणजे खरी मोजणी आकाशातून होत नाही, चुन्याची पाटी हातात असलेल्या माणसाकडून होते. ती रेघ मारताना कोण उभे होते? आपली वस्ती गावठाणाच्या आत धरली की गायरानावर बाहेर सोडली? बौद्धवाड्याचा रस्ता, विहार, मोकळी जागा कुणाच्या हद्दीत गेली? रेघ पडताना आपण तिथे नसू, तर पुढची पन्नास वर्षे ती पुसायला कोर्टात जातील. म्हणून मोजणीची तारीख आधी काढा, त्या दिवशी वस्तीतल्या बायकांसह सगळे जागेवर थांबा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

गावकुसाबाहेरची वस्ती कुठे असावी हे कधीकाळी गावाने ठरवले. सातबाऱ्यावर कुणाचे नाव लागावे हे नंतर कुळकर्ण्याने ठरवले. आता नकाशा नव्याने काढला जातो आहे, आणि या वेळी तो काढण्याची साधने पहिल्यांदाच आपल्याही हाताला येण्याजोगी आहेत. 'शिका' या शब्दाचा आजचा एक अर्थ असाही आहे: आपल्या पायाखालच्या जमिनीचा नकाशा वाचायला शिका, आणि काढायलाही.

जय भीम!